हरभऱ्याला पाणी केव्हा? पाथरीच्या काळ्या रानातला हिशेब

दरवर्षी १५ ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात, म्हणजे नाथसागरात, किती पाणी साठले आहे, यावर पाथरी तालुक्यातल्या रब्बीचे बरेच काही ठरते. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघतो आणि छत्रपती संभाजीनगर व जालना जिल्हे ओलांडून परभणी जिल्ह्यात येतो. त्याची लांबी २०८ किलोमीटर आणि लाभक्षेत्र सुमारे १ लाख ४२ हजार हेक्टर. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. पाथरी या कालव्याच्या खालच्या अंगाला आहे. धरण भरले तर आवर्तने मिळतात. नाही भरले तर विहीर, बोअर, शेततळे किंवा गोदावरीवरच्या बंधाऱ्यांचे पाणी, जे ज्याच्या वाट्याला येईल त्यावर भागवावे लागते.

हरभरा आणि तूर या पिकांचा मात्र एक विशेष आहे. त्यांच्या गरजेतला मोठा वाटा धरणातून किंवा विहिरीतून येतच नाही. पावसाळ्याने जमिनीत मुरवून ठेवलेल्या ओलीवर ही पिके उभी राहतात आणि वरून दिलेले पाणी त्या ओलीला फक्त जोड देते. म्हणून कडधान्याला पाणी देण्याचा निर्णय किती दिवस झाले यावर किंवा वरची माती वाळलेली दिसते यावर घेऊ नये. मुळांच्या थरात किती ओल शिल्लक आहे आणि पीक कोणत्या अवस्थेत आहे, या दोनच गोष्टी त्यासाठी पाहायच्या. हा हिशेब शेतकऱ्याला घरच्या घरी, वही-पेन घेऊन मांडता येतो. तो कसा मांडायचा हे या लेखात पाहू.

काळ्या जमिनीत किती पाणी मावते?

मराठवाड्याची काळी माती बसाल्ट खडक झिजून तयार झाली. तिच्यातली चिकणमाती ओल मिळाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. या चिकणमातीचे कण अतिशय बारीक असतात, म्हणून ती पाणी भरपूर धरते. पण धरलेले सगळे पाणी पिकाला मिळत नाही. मोठा पाऊस होऊन जास्तीचे पाणी निचरले की रानाला वापसा येतो. जमिनीत राहू शकणाऱ्या ओलीची ती वरची मर्यादा. पीक ती ओल शोषत जाते आणि एक वेळ अशी येते की रोप कोमेजते आणि रात्रीच्या गारव्यातही पुन्हा टवटवीत होत नाही. ही खालची मर्यादा. तेव्हाही मातीत पाणी असते, पण ती ते इतके घट्ट धरून ठेवते की मुळांना ओढून घेता येत नाही. या दोन मर्यादांमधले पाणी हेच पिकाचे भांडवल.

भारी काळ्या जमिनीत एक मीटर खोलीला असे उपलब्ध पाणी साधारण १५० ते २०० मिलिमीटर असते. हा आकडा लिटरमध्ये मांडला की त्याचे मोल कळते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर. म्हणजे १५० मिलिमीटर ओल धरलेल्या एका एकरात जवळपास ६ लाख लिटर पाणी असते. ते उपसायला वीज लागत नाही आणि त्याची पाणीपट्टीही भरावी लागत नाही.

सगळी राने मात्र सारखी नाहीत. गोदाकाठच्या भारी, खोल जमिनीत हे भांडवल भरपूर असते. नदीपासून दूर, चढाच्या बाजूला मातीचा थर हात-दीड हाताचाच असेल, तर तिथे ते ७०-८० मिलिमीटरवर संपते. खाली मुरूम लागतो. शेजाऱ्याने पाणी दिले म्हणून आपणही द्यायचे ही रीत म्हणूनच धोक्याची आहे. पहिले काम म्हणजे आपल्या रानात खड्डा घेऊन मातीचा थर किती खोल आहे हे पाहणे. हे एकदाच करायचे असते आणि त्याचा उपयोग आयुष्यभर होतो.

रब्बीसाठी हे भांडवल भरण्याचे काम मुख्यतः परतीचा पाऊस करतो. हस्ताचा पाऊस चांगला झाला की जुनी माणसे हरभऱ्याबद्दल निर्धास्त होतात, ती उगीच नाही. खरिपातले सोयाबीन निघाल्यावर रान ओले असताना पेरणी साधली, तर पीक भरलेल्या भांडवलावर सुरुवात करते. हस्त कोरडा गेला तर पेरणीआधी रान ओलवून, वापसा आल्यावर पेरावे. बियाणे कोरड्यात टाकून मग पाणी सोडले, तर काळी माती वरून आवळते आणि उगवण विरळ होते.

रोजचा खर्च कसा काढायचा?

रानातली ओल दोन वाटांनी जाते. काही मातीच्या पृष्ठभागावरून थेट वाफ होऊन, आणि बाकीची झाडाच्या पानांतून. दोन्ही मिळून पिकाचा रोजचा पाणीखर्च. तो ऊन, वारा, तापमान आणि हवेतला दमटपणा यांवर अवलंबून असतो. हवामान वेधशाळेच्या आवारात एक गोल पत्र्याचे भांडे ठेवलेले असते, सुमारे १२१ सेंटिमीटर व्यासाचे आणि २५ सेंटिमीटर खोल. त्यातले पाणी रोज किती मिलिमीटर घटले हे मोजतात. त्या आकड्याला साधारण ०.७ने गुणले की त्या हवामानात गवताने झाकलेली जमीन दिवसाला किती पाणी खर्च करील याचा अंदाज मिळतो.

पिकागणिक आणि वयागणिक हा खर्च बदलतो. त्यासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९८ साली आपल्या छप्पन्नाव्या सिंचन पुस्तिकेत पीक गुणांक दिले. गवताच्या खर्चाला या गुणांकाने गुणले की पिकाचा खर्च निघतो. जगभरचे सिंचनतज्ज्ञ आजही ते वापरतात. हरभऱ्याचा गुणांक सुरुवातीला ०.४, भर वाढीत १.० आणि काढणीजवळ ०.३५ असा आहे. रोप लहान असताना जमीन बहुतेक उघडी असते आणि पाने थोडी, म्हणून खर्च कमी. फांद्यांनी ओळी मिटल्या की खर्च शिगेला पोचतो. घाटे पिवळे पडू लागले की पुन्हा उतरतो.

याच पुस्तिकेत आणखी एक उपयोगी आकडा आहे. हरभऱ्याच्या मुळांच्या थरातले उपलब्ध पाणी निम्म्यापर्यंत उतरले तरी पिकाला फारसा ताण जाणवत नाही. त्याखाली गेले की पाने आपली छिद्रे मिटून घेऊ लागतात, वाढ मंदावते आणि उत्पादन घटायला सुरुवात होते. निम्मे भांडवल संपले की पाणी द्यायचे, हा हिशेबाचा मूळ नियम.

दोन पाण्यांची वेळ कशी निघते?

आता ही वही प्रत्यक्ष मांडून पाहू. समजा, भारी जमिनीत मुळांच्या पोचेतला साठा १५० मिलिमीटर आहे आणि पेरणीच्या वेळी तो भरलेला आहे. हिवाळ्यातला गवताच्या हिशेबाने होणारा रोजचा खर्च सरासरी ४ मिलिमीटर धरू. पहिले ३० दिवस गुणांक ०.४, म्हणजे रोजचा खर्च १.६ मिलिमीटर, महिन्याचे झाले ४८. पुढच्या १० दिवसांत पीक झपाट्याने वाढते. गुणांक सरासरी ०.७ धरला तर रोज २.८, म्हणजे आणखी २८. एकूण ७६. चाळिसाव्या दिवशी निम्मे भांडवल संपले! त्या सुमारास फांद्या फुटून झालेल्या असतात आणि कळी दिसू लागते.

या वेळी ७५ मिलिमीटर पाणी देऊन खाते पुन्हा भरले. आता भर वाढीचा काळ आहे, गुणांक १.०, रोज ४ मिलिमीटर खर्च. एकोणीस-वीस दिवसांत पुन्हा निम्म्यावर आलो. म्हणजे साठावा दिवस, घाटे भरण्याची सुरुवात. इथे दुसरे पाणी दिले की त्यानंतर पिकाला तिसऱ्याची गरज राहत नाही. उरलेला खर्च उतरता असतो आणि पक्व होताना थोडा ताण पडलेलाच बरा. त्याने पीक एकसारखे वाळते.

राज्यातल्या कृषी विद्यापीठांची शिफारसही भारी जमिनीत पहिले पाणी ३० ते ३५ दिवसांनी आणि दुसरे ६० ते ६५ दिवसांनी, अशी या हिशेबाच्या जवळपासच आहे. मध्यम जमिनीसाठी ती तीन पाण्यांची आहे: २० ते २५, ४५ ते ५० आणि ६५ ते ७० दिवसांनी. मध्यम जमिनीचे खाते लहान असते, लवकर निम्म्यावर येते, म्हणून तिला थोडे थोडे आणि जास्त वेळा द्यावे लागते. शिफारशीमागचा हा हिशेब कळला की शेतकरी ती आपल्या रानाप्रमाणे आणि त्या वर्षाच्या पावसाप्रमाणे बदलू शकतो. हस्त कोरडा गेलेल्या वर्षी खाते १५०वर नसून १००वर सुरू झाले असेल, तर पहिले पाणी सुमारे चोवीस दिवस अलीकडे येईल. नोव्हेंबरात अवकाळी २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर ते सहा-सात दिवस पुढे जाईल. तीन-चार मिलिमीटरचा भुरभुर पाऊस मात्र जमेला धरू नये. तो पानांवर आणि वरच्या मातीवरच उडून जातो. पडलेल्या पावसातला किती पिकाच्या कामी येतो, याची रीतसर मांडणी एन. जी. दास्ताने या सिंचनशास्त्रज्ञांनी १९७४ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत केली आहे.

दोन पाणी देण्याइतकी सोय नसेल आणि एकच देता येणार असेल, तर ते फुलोरा सुरू होण्याच्या बेताला द्यावे. उशिरा दिलेले एकच पाणी तोवर गळून गेलेली फुले परत आणत नाही आणि फार लवकर दिलेले पाणी पानांच्या वाढीत खर्च होते.

जास्त पाण्याने काय बिघडते?

गहू-उसाच्या सवयीने हरभऱ्याला पाणी दिले की पीक हिरवेगार दिसते, कमरेला लागते आणि घाटे मात्र थोडे धरते. आपल्याकडे त्याला हरभरा माजला म्हणतात. हरभऱ्याचे झाड फुले आल्यावरही वाढत राहते. ओल थोडी कमी झाली की ते वाढ आवरून फुलांकडे आणि दाण्यांकडे वळते. सतत भरपूर पाणी मिळत राहिले तर वळतच नाही. कळी येण्याआधीचा हलका ताण म्हणूनच पिकाला उपकारक असतो. पाणी मिळाले की पिकाचा काळही लांबतो. ‘विजय’ वाण जिरायतात ८५ ते ९० दिवसांत निघतो, तोच बागायतात १०५ ते ११० दिवस घेतो.

दुसरे नुकसान मुळांशी होते. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. चालू असलेली गाठ फोडली तर आतून गुलाबी दिसते. या जिवाणूंना आणि मुळांना हवा लागते. काळ्या मातीत पाणी साचले की मातीतली छिद्रे भरून जातात, हवा कोंडते, गाठी थंडावतात आणि पीक पिवळे पडते. मूळकुज आणि मर यांनाही अशी दमट, कोंडलेली जमीन मानवते. पाणी दिल्यावर शेतात कुठेही तळे दिसता कामा नये. चोवीस तासांनंतरही साचलेले असेल तर ते चर काढून बाहेर घालवावे.

तिसरी गोष्ट भेगांची. काळी जमीन फार वाळू देऊन मग पाणी सोडले, तर पाणी आधी भेगांतून सरळ खाली जाते. भेगा मिटेपर्यंत कितीतरी पाणी मुळांच्या पोचेबाहेर गेलेले असते, शिवाय आकसणाऱ्या मातीने मुळे तुटलेली असतात. एकदा माती फुगली की मग तीच जमीन पाणी अगदी हळू मुरवते आणि वर पाणी साचते. म्हणजे उशीर केल्याने आधी वाया जाते आणि नंतर तुंबते. भेगा पडायला लागण्याआधी पाणी द्यावे, हा नियम काळ्या रानात म्हणूनच कडक पाळायचा. पीक लहान असताना एक-दोन कोळपण्या केल्या तर वरच्या भेगा बुजतात, ओल उडण्याचे प्रमाण घटते आणि तणही निघते. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे शेतकरी म्हणतात. काळ्या मातीइतकी ही म्हण दुसऱ्या कुठल्या जमिनीला लागू पडत नसेल.

भर फुलोऱ्यात मोकळे, भरपूर पाणी देऊ नये, फुलगळ होते, हाही अनुभव सर्वांचा आहे. कळीच्या वेळी खाते भरलेले असले की फुलोऱ्याचे दोन आठवडे पीक त्यावर निभावून नेते. पहिल्या पाण्याची वेळ साधण्याचे महत्त्व इथे आहे.

किती द्यायचे, कसे मोजायचे?

बहुतेक विहिरींवर पाणी किती दिले याचा हिशेब तासांत होतो, म्हणून तासांतच मांडू. एका एकराला ५० मिलिमीटर द्यायचे म्हणजे सुमारे २ लाख लिटर. पंप सेकंदाला ५ लिटर पाणी टाकत असेल, तर तासाला १८ हजार लिटर झाले आणि एकराला सव्वाअकरा तास लागले. आपला पंप किती टाकतो हे कळायला २०० लिटरचा ड्रम आणि घड्याळ पुरे. ड्रम ४० सेकंदांत भरला तर सेकंदाला ५ लिटर.

तुषार संचावरही असेच. नोझल १२ बाय १२ मीटरवर असतील आणि प्रत्येकातून सेकंदाला अर्धा लिटर पाणी पडत असेल, तर तासाला १२.५ मिलिमीटर पाऊस पडल्यासारखे होते. चार तासांत ५० मिलिमीटर. तुषारने एवढेच द्यावे आणि बारा-पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावे. मोकाट पाणी सोडले तर सरीच्या वरच्या टोकाला गरजेपेक्षा जास्त मुरते, तेव्हा कुठे खालचे टोक भिजते. तुषारने हा फरक राहत नाही. वारा पडलेला असताना, पहाटे किंवा रात्री चालवलेला संच सर्वांत सारखे भिजवतो. ज्यांच्याकडे संच नाही, त्यांनी सारे लहान आणि उताराला आडवे पाडावेत. लांब साऱ्यात पाणी वाया जाते. बीबीएफ यंत्राने रुंद वरंब्यावर पेरणी केली असेल, तर सरीतून पाणी देता येते आणि जास्तीचे त्याच सरीतून बाहेरही काढता येते.

आता शिल्लक तपासण्याची साधने. एक तर हात. खुरप्याने किंवा गिरमिटाने एक वीत, मग एक हात खोलीची माती काढावी आणि मुठीत दाबावी. गोळा घट्ट होतो, बोटांमध्ये दाबला की लांब पट्टी निघते, हाताला ओल लागते: पाण्याची घाई नाही. गोळा होतो पण कडक लागतो, पट्टी आखूड तुटते, हात कोरडा राहतो: निम्म्याच्या आसपास आलो. गोळाच होत नाही, ढेकळे फुटतात: उशीर झाला. तीन-चार ठिकाणी पाहावे, बांधालगतचे धरू नये.

दुसरे साधन लोखंडी सळई. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात आपल्यासारखीच भेगाळणारी काळी माती आहे आणि तिथला हरभरा प्रामुख्याने साठलेल्या ओलीवर येतो. तिथले शेतकरी पेरणीआधी टोकाशी छोटा गोळा असलेली सळई जमिनीत दाबतात. ओल्या मातीत ती शिरते, कोरडी लागली की अडते. जितकी आत गेली तितकी ओल, आणि त्यावरून पेरायचे की थांबायचे ते ठरते. अशी सळई पाथरीच्या कोणत्याही वेल्डरकडे करून मिळेल. ओलीचा ताण मोजणारी नळी बाजारात मिळते, पण भेगाळत्या मातीत तिचा मातीशी संपर्क सुटतो आणि आकडा फसवतो. काळ्या रानात मूठ आणि सळई यांवर जास्त भरवसा ठेवावा.

कालव्याची पाळी आणि पेरणीची तारीख

विहीर हाताशी असलेल्याला चाळिसावा दिवस साधता येतो. कालव्यावरच्या शेतकऱ्याला पाळी येईल तेव्हा पाणी मिळते. इथे पाण्याचे वेळापत्रक पेरणीच्या दिवशीच ठरवावे लागते. एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या चारीला पाणी ५ डिसेंबरला पोचणार आहे. १५ ऑक्टोबरला पेरलेला हरभरा त्या दिवशी ५१ दिवसांचा असेल. वरच्या हिशेबाने त्याने १५० पैकी १२० मिलिमीटर ओल संपवलेली असेल. कळीचा काळ ताणात गेला, आणि पाणी नेमके फुलोऱ्यात आले. २५ ऑक्टोबरला पेरलेला हरभरा त्याच दिवशी ४१ दिवसांचा असेल, पाण्याला बरोबर तयार. दहा दिवसांच्या फरकाने तेच आवर्तन एका शेताला तारते आणि दुसऱ्याला चुकवते. मात्र पेरणी १० नोव्हेंबरच्या पुढे ढकलू नये. घाटे भरण्याचा काळ फेब्रुवारीच्या उन्हात सापडला तर दाणा बारीक राहतो आणि पाणी देऊनही ते भरून निघत नाही.

त्यासाठी आवर्तनाच्या तारखा पेरणीआधी कळायला हव्यात. १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत रब्बीची आवर्तने ठरतात. शेतकऱ्यांनी नमुना नंबर ७ भरून पाणी मागणी वेळेत नोंदवली पाहिजे, कारण कागदावर मागणी नसेल तर खालच्या अंगाच्या वितरिकेचा आग्रह धरायला आधार उरत नाही. २००५ साली राज्याने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला आणि पाणी वापर संस्थांना पाणी मोजून घेण्याचा व आपसात वाटण्याचा अधिकार दिला. अशा संस्थेने हरभऱ्याच्या अवस्था समोर ठेवून पाळीची मागणी केली, तर एकाच चारीवरचे सगळे शेतकरी पेरणीही जवळजवळच्या तारखांना करू शकतील. दोन आवर्तनांत महिन्याच्या वर अंतर पडणार असेल, तर दुसरे पाणी विहिरीचे किंवा शेततळ्याचे राखून ठेवावे आणि पहिले कालव्याचे घ्यावे.

पाळी आली म्हणून गरज नसताना रान भरून घेणे, हीही चूक होते. पुन्हा मिळेल की नाही या धास्तीने शेतकरी तसे करतो आणि ती धास्ती खरी असते. पण कालव्याखाली वर्षानुवर्षे असे पाणी मुरत राहिले की खालची पातळी वर येते, क्षार वर चढतात आणि जमीन चिबड होते. हरभरा क्षारांना फार हळवा आहे. चिबड रानात तो पहिल्यांदा हार मानतो.

तूर, मूग आणि उडीद

परभणी भागात सोयाबीनमध्ये तूर घेण्याची रीत आहे. ऑक्टोबरात सोयाबीन निघाले की तूर एकटी उभी राहते. तिची मुळे हरभऱ्यापेक्षा खोल जातात, म्हणून भारी जमिनीत ती बराच काळ तग धरते. पाऊस संपतो तेव्हाच तिला कळी लागते आणि भांडवल उतरणीला लागलेले असते. मध्यम जमिनीत कळी लागताना एक आणि शेंगा भरताना एक, अशी दोन संरक्षित पाणी तिला पुरतात. दोन ओळींत अंतर भरपूर असल्याने एकाआड एक सरी भिजवली तरी चालते. निम्म्या पाण्यात काम होते आणि मुळांना हवाही मिळते. पावसाळ्यात मात्र तुरीच्या रानातून पाणी काढून देणे हेच तिचे सिंचन. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राने मर आणि वांझ रोगाला तोंड देणारे वाण दिले. त्यांतला बीडीएन ७११ हा पांढरा, सुमारे पाच महिन्यांत येणारा वाण मध्यम जमिनीसाठी सोयीचा, कारण ओल संपण्याआधी त्याच्या शेंगा भरतात. लवकर येणारा वाण निवडणे हीसुद्धा पाणी वाचवण्याची रीत आहे.

खरिपातले मूग आणि उडीद ६० ते ७५ दिवसांत निघतात आणि बहुतेक पावसावरच येतात. ऑगस्टमध्ये पावसाचा मोठा खंड पडला आणि पीक फुलोऱ्यात किंवा शेंगांत असले, तर शेततळ्यातून तुषारने दिलेले एक हलके पाणी पीक वाचवते. उन्हाळी मुगाचा हिशेब अगदी वेगळा. रोजचा खर्च दुपटीच्या जवळ गेलेला असतो, म्हणून दर ८ ते १० दिवसांनी पाणी लागते. विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी पुरेल याची खात्री असेल तरच तो घ्यावा.

वही उघडा

उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. हरभऱ्याला पूर्ण हंगामात अडीचशे ते तीनशे, आणि त्यातले निम्मे जमीन स्वतः देते. पाऊस अनिश्चित असलेल्या, कालव्याच्या खालच्या अंगाला असलेल्या तालुक्यात एवढ्या कमी पाण्यात माणसाच्या ताटात डाळ आणि जमिनीत नत्र घालणारी पिके थोडीच आहेत. ते पाणी थोडे आहे म्हणूनच त्याची वेळ चुकवून चालत नाही.

यंदा पेरणीच्या दिवशी एक वही करा. पहिल्या पानावर मातीची खोली, सळई किती गेली आणि पेरणीची तारीख लिहा. मग दर आठवड्याला तीन नोंदी: पाऊस किती झाला, पीक कोणत्या अवस्थेत आहे, मुठीतली माती काय सांगते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची हवामान आधारित कृषी सल्ला पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. पुढच्या पाच दिवसांच्या पावसाचा अंदाज त्यातून घ्या आणि पाऊस येणार असेल तर मोटार दोन दिवस थांबवा. दोन हंगाम ही वही नेमाने ठेवली, तर आपल्या रानाला पाणी केव्हा हवे हे ठरवायला दुसऱ्या कोणाच्या शेताकडे पाहावे लागणार नाही.